पिकअप, मोठी गाडी आणि जर्द्याची पुरचुंडी

निपाणीत पिकअप चालवणारे पुष्कळ आहेत आणि हल्ली मोठ्या गाड्या चालवणारेही कमी नाहीत. पण दोन्हींत बसून स्वतःची शोभा करून घेतलेला माणूस मी एकटाच, असं माझी बायको म्हणते, आणि ती सहसा वाढवून बोलत नाही. त्यामुळं चहाच्या गाड्यावर लोक मला गाठतात. ‘गणूअण्णा, जुनी पिकअप बरी का नवी मोठी गाडी?’ मी बशी खाली ठेवतो, चेहरा गंभीर करतो आणि म्हणतो, ‘आत कुणाला बसवणार हाईस, त्याच्यावर हाय.’ एवढ्यावर माणूस मान डोलावून जातो. खरं उत्तर लांबडं आहे, चहाच्या एका कपात मावत नाही, म्हणून इथं लिहितो.

मी तंबाखूच्या एका वखारीत ड्रायव्हर. मालकांना सगळं गाव आण्णा म्हणतं, मीही तेच म्हणतो. वखार म्हणजे आमच्याकडचं गोदाम. शेतातून आलेली वाळली तंबाखू तिथं कुटायची, चाळायची, तिचा बारीक जर्दा करायचा आणि विड्यांसाठी पुढं पाठवायचा. खेड्यांतून माल आणणं हे पिकअपचं काम, म्हणजे माझं. बाहेरच्यांना वाटतं, ड्रायव्हरी म्हणजे स्टिअरिंग फिरवणं. निम्मी ड्रायव्हरी दोरीत असते. पोती कशी रचायची, गाठ कुठं मारायची, वळणावर गाडी किती झुकली तर घाबरायचं आणि किती झुकली तर गाणं म्हणत बसायचं, हे कळायला वर्षं जातात. मला ती जरा जास्तच गेली. पहिल्या हंगामात मी गाठ अशी मारली की सौंदलग्याच्या वळणावर माल मागं राहिला आणि मी रिकामी गाडी घेऊन वखारीत आलो. आण्णांनी मागं बघितलं, पुढं बघितलं आणि म्हणाले, ‘गणू, दोरी तरी आणलास हे बरं केलंस.’

आमच्या पिकअपला एसी नव्हता, कारण गरज नव्हती. पायाखालच्या पत्र्याला भोक होतं, त्यातून वारा यायचा आणि रस्ता डांबरी आहे की मातीचा हेही दिसायचं. डावीकडचं दार आतून उघडत नसे. बाहेरून हँडल वर उचलून, ढोपरानं एक ढोसणी दिली की उघडायचं. ज्याला उतरायचं असेल त्यानं आत बसून वाट बघायची. पिकअप कधी काही सांगत नसे. तिचं काय बिघडलंय ते आवाजावरून आपण ओळखायचं आणि चुकलो तर ढकलायचं.

मोठी गाडी सगळं सांगते. मागच्या वर्षी आण्णांनी ती घेतली. सात माणसांची, काळी, आणि एवढी उंच की आण्णांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, चढायला पाट ठेवावा लागे. नव्या गाडीला गणवेशातला ड्रायव्हर ठेवा, असं आण्णांना बऱ्याच जणांनी सुचवलं. आण्णा म्हणाले, ‘गणू शिकंल.’ हा विश्वास त्यांना कुठून आला ते मी अजून विचारलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या सीटवर जर्द्याच्या नमुन्याचं एक पोतं ठेवून निघालो. गाडी कोकलायला लागली. पट्टा लावा, पट्टा लावा. माझा पट्टा लावलेला. दार तपासलं, डिकी तपासली. शेवटी उमगलं की ती पोत्याला माणूस समजतीय. पोतं मागं ठेवायचं सुचायला हवं होतं. मी पोत्याला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. चिक्कोडीच्या नाक्यावर पोलिसानं आत वाकून बघितलं, पोत्याकडं बघितलं, मला काही विचारलं नाही आणि जा म्हणाला.

आता उंदराकडं येतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं.

पिकअपला इतक्या वर्षांत उंदीर लागला नाही. तिच्या फटीफटीत तंबाखूचा चुरा बसलेला, उंदीर जवळ फिरकायचाच नाही. मोठी गाडी स्वच्छ. बंगल्याच्या पोर्चमध्ये ती उभी राहिली आणि महिन्याभरात तिची वायर तुटली. बेळगावजवळच्या मच्छे गावाशी सर्व्हिसिंगवाले आहेत, त्यांच्याकडं नेली. तिथला पोरगा वायर दाखवत कानडीत म्हणाला, ‘इली, इली.’ इली म्हणजे उंदीर, एवढं कानडी मला येतं. फवारा मारून घ्या, म्हणाला. मी मनात म्हटलं, निपाणीच्या माणसाला उंदरावर फवारा सांगतोस.

पुढच्याच पंधरवड्यात मी समोरचा कप्पा साफ करताना तो पूर्ण निघून हातात आला. त्याच्या मागं आणखी एक खण. त्यात घड्याघड्यांचा एक कागद होता, उंदरानं कुरतडून त्याचं अंथरूण केलेलं. हा कागद म्हणजे एसीची हवा गाळायची जाळी, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मला वाटलं, पॅकिंगचा राहिलेला कागद आहे. मी तो टाकून दिला. वखारीतून अगदी बारीक, वरचा जर्दा घेतला, वहिनींच्या जुन्या मलमलीच्या तुकड्यात त्याची चपटी पुरचुंडी बांधली आणि त्या खणात बसवली. ती तिथं अशी चपखल बसली की कंपनीनं जागा तिच्यासाठीच सोडली असावी. कप्पा परत लावला. कुणाला सांगितलं नाही. उंदीर खरंच यायचा बंद झाला, आणि मी आठ-दहा दिवस स्वतःवर खूश होऊन हिंडलो.

तुम्ही विचाराल, एवढ्या दिवसांत कुणाला वास आला नाही का. नाही. आण्णा काच खाली करून बसायचे, आणि निपाणीच्या नाकाला तंबाखू कळत नाही. आम्ही तिच्यातच जन्मतो. कोल्हापूरला गेलो की दोन दिवस हवेत काहीतरी कमी आहे असं वाटतं, ते म्हणजे तंबाखू.

आण्णांची मुलगी रेवती बेळगावात कॉलेजात शिकवते. मला मामा म्हणते. कॉलेजात शिकत असताना वखारीमागच्या मोकळ्या जागेत मीच तिला पिकअप चालवायला शिकवली, म्हणजे मी शेजारी बसलो आणि ती शिकली. ती आता शिकवते त्याच कॉलेजातल्या एका मास्तराशी तिचं जुळलं होतं. पोरगा चांगला, आण्णांनाही पसंत. पोराचे वडील वकील, बायको वारलेली, खडेबाजाराच्या मागं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. पण त्या घरात शेवटचा शब्द वकीलसाहेबांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा. आधीची दोन स्थळं आक्कांनी दारातून परत पाठवलेली. आता वकीलसाहेब आणि आक्का आमचं घर बघायला येणार होते. ते होय म्हणाले तर तिथंच नारळ देऊन सोयरीक पक्की करायची. न्हाय म्हणाले तर पोरगा बापाच्या आणि आत्याच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. रेवतीनं मला तसं स्वच्छ सांगितलं.

‘मामा, त्यांना आणायला तुम्ही जाणार. एक ध्यानात ठेवा. आक्कांना शिंक चालत न्हाय.’

‘म्हंजे?’

‘निघताना कोण शिंकलं की त्या चप्पल काढून परत घरात जातात. वाटेत कोण शिंकलं की गाडी थांबवून पाणी पितात. लई मानतात त्या. तुम्हाला सर्दी न्हाय ना?’

‘न्हाय गं.’

‘बघा हं. माझं सगळं तुमच्या नाकावर हाय.’

मी त्या रात्री निलगिरीचा वाफारा घेतला. नाकाची एवढी काळजी मी आयुष्यात केली नव्हती.

खडेबाजारात गाडी आत नेणं म्हणजे म्हशीला बोळात वळवणं. पिकअप असती तर दोन आरसे दुमडून गेलो असतो. मोठी गाडी चारी बाजूंनी टीं टीं करत होती. आक्का बाहेर आल्या. नऊवारी, काठी, नजर सरळ. मी नाक चिमटीत धरून दार उघडलं. ‘काय झालं ह्याला?’ आक्का म्हणाल्या. ‘काय न्हाय,’ मी नाकातून म्हणालो. त्या बसल्या, वकीलसाहेब बसले, कुणी शिंकलं नाही. काकती मागं पडली तसं मी नाक सोडलं.

ऊन तापलेलं. वकीलसाहेब म्हणाले, ‘एसी लावा की हो. धूळ येऊलालीय, आणि मला धुळीचं वावडं.’

मी काचा वर केल्या आणि एसी लावला, एकवर. थोड्या वेळानं वकीलसाहेब शिंकले.

‘थांबवा,’ आक्का म्हणाल्या. थांबवली. पाणी प्यायलं. निघालो.

हत्तरगीच्या आसपास ते पुन्हा शिंकले, मग पुन्हा. पुन्हा पाणी. ‘धूळ आत आलीय,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘एसी वाढवा.’ मी वाढवला. मला ते पटलंच. संकेश्वरच्या अलीकडं त्यांचे डोळे लाल झाले आणि त्यांनी एसी आणखी वाढवायला सांगितला. आता स्वतः आक्का शिंकल्या. मी आरशात बघितलं. आक्कांनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, ‘ही माझी थंडीची हाय. ही धरायची न्हाय.’ मग त्या अशा शिंकायला लागल्या की मध्ये बोलायला फट राहिली नाही. मला बिचाऱ्यांची दया आली. मी न विचारता एसी शेवटापर्यंत नेला. मला स्वतःला काहीही होत नव्हतं. हवा छान थंड होती.

तवंदी घाटाच्या तोंडाशी आक्कांनी काठी माझ्या सीटच्या पाठीवर आपटली.

‘गाडी वळवा.’

‘कुठं आक्का?’

‘बेळगावला. एवढ्या शिंका माझ्या जन्मात झाल्या न्हाईत. ही सोयरीक देवाच्या मनात न्हाय.’

वकीलसाहेब काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. मी गाडी कडेला घेतली. दोघं खाली उतरून वाऱ्याला उभी राहिली. घाटातून आमचं गाव दिसत होतं. तिथं आण्णांच्या घरी रांगोळी घातलेली, आणि रेवती बसलेली. मी गाडीतच बसून राहिलो. बाहेर दोघांच्या शिंका एकेक करत कमी झाल्या. मग थांबल्या. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, वाकून गाडीत बघितलं, मग आत डोकं घातलं, आणि शिंकले. डोकं बाहेर काढलं. थोडं थांबून पुन्हा आत घातलं. पुन्हा शिंकले. मग ते माझ्या खिडकीशी आले. आवाज एकदम कोर्टातला.

‘गाडीत काय ठेवलासा?’

‘काय न्हाय साहेब.’

‘नीट आठवून सांगा. गाडीत, सीटखाली, डिकीत, काहीही?’

‘काय म्हंजे काय न्हाय.’

‘अत्तर? औषध? फवारा?’

‘फवारा तर आम्ही मारूनच घेतला न्हाय. उंदरासाठी नुसता जर्दा ठेवलाय.’

‘जर्दा म्हणजे तंबाखू.’

‘व्हय.’

‘मग मघाशी काही नाही म्हणालासा.’

‘तंबाखू सोडून काय न्हाय, असं साहेब.’

‘कुठं ठेवलाय?’

मी बोट दाखवलं. त्यांनी एसीच्या झरोक्याकडं बघितलं, माझ्या बोटाकडं बघितलं, पुन्हा झरोक्याकडं बघितलं. तेव्हा कुठं माझ्याही डोक्यात उजेड पडायला लागला. माझा उजेड डिझेलच्या जुन्या इंजिनासारखा आहे, गरम व्हायला वेळ लागतो. पण पडला तेव्हा एक गोष्ट मला लख्ख दिसली. ह्या शिंका देवाच्या निघाल्या तर रेवतीचं लग्न मोडतं, माझ्या निघाल्या तर ते तगतं. मी उतरलो आणि आक्कांपुढं जाऊन हात जोडले.

‘आक्का, ह्यात देवाचा काय संबंध न्हाय. सगळं मी केलंय.’

‘पोरीच्या बाजूनं बोलूलालास,’ आक्का म्हणाल्या. ‘मीठ खाल्लायस तिच्या बापाचं. मला पुरावा पायजे.’

मी कप्पा काढला, पुरचुंडी बाहेर ओढली. मलमल काळी पडलेली आणि पुरचुंडी निम्मी झालेली. उरलेला निम्मा जर्दा पाहुण्यांच्या नाकातून गेला होता. आक्कांना नीट दिसावं म्हणून मी ती त्यांच्यापुढं धरून जरा झटकली. तशी गरज नव्हती. वारा त्यांच्याच दिशेनं होता.

‘पुरावा पोचला,’ वकीलसाहेब रुमालाआडून म्हणाले.

आक्कांचं आटपायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, ‘बरं. देवाचं न्हाय, ह्या बाबाचं हाय, एवढं पटलं. पुढं जाऊ. पर ह्या गाडीत मी पाय ठेवणार न्हाय.’

मी घरी फोन लावला. आण्णा घरी जमलेल्या भावकीत अडकलेले, फोन रेवतीनं उचलला. मी सांगितलं, थोडक्यात.

‘मामा, आक्का परत तर न्हाई ना निघाल्या?’

‘न्हाय. पर दुसरी गाडी पायजे.’

‘दुसरी म्हंजे पिकअपच की. आणि तिचा ड्रायव्हर तुम्ही.’

तिनं फोन ठेवला.

पिकअपचा आवाज मी गर्दीतही ओळखतो. पलीकडच्या बाजूनं ती घाट चढून आली, पुढं जाऊन वळली आणि आमच्यामागं येऊन थांबली. रेवती उतरली. जरीकाठाची साडी, गजरा, पायात चप्पल घरातल्या कुणाची तरी. बघायच्या मुलीनं चहाचा ट्रे घेऊन खाली मान घालून बाहेर यायचं असतं. ही स्टिअरिंगमागून आली आणि पदर खोचून दोघांच्या पाया पडली. वकीलसाहेबांनी आशीर्वाद दिला आणि शिंकले. आक्का तिच्याकडं बघत राहिल्या.

केबिनमध्ये तिघंच मावतात. आक्का मध्ये, वकीलसाहेब कडेला. बाहेरून दार लावताना मला एवढंच ऐकू आलं, ‘आक्का, जरा पाय तिकडं घ्या, गियर टाकते.’

मी मोठ्या गाडीच्या सगळ्या काचा खाली करून मागून निघालो. गाडी दार उघडं आहे, पट्टा लावा, असलं काहीतरी सांगत होती, मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष पिकअपच्या मागच्या काचेतून दिसणाऱ्या तीन डोक्यांवर. मधलं डोकं मुलीकडं वळलेलं. काय विचारत असतील? घाटात खाली येताना जुनी गाडी ब्रेकवर आणायची नसते, दुसऱ्या गियरवर तोलून आणायची असते. इंजिनाचा तो दबका आवाज मला शेवटच्या वळणापर्यंत एकसारखा येत होता. ब्रेकचा दिवा एकदाही लागला नाही. दिवा मीच बसवला होता, त्यामुळं तो मुळात चालू होता का, हे मी सांगू शकत नाही. पण आवाज खरा होता.

आण्णांच्या दारात वहिनी आरतीचं ताट घेऊन काळ्या गाडीची वाट बघत उभ्या. आली पिकअप. आत पाहुणे दोघंही हलेनात, कारण दार आतून उघडत नाही. रेवती फिरून पलीकडं गेली, हँडल उचललं, ढोपरानं ढोसणी दिली, दार उघडून आक्कांना हात दिला. जमलेल्या बायका आपसांत म्हणाल्या, केवढं वळण हाय बघा पोरीला.

पिकअपचं आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट आता संपत आलंय. ती वखारीमागं उभी असते, दिवसाकाठी एखादी फेरी. मालही पूर्वीएवढा येत नाही. मोठ्या गाडीत कंपनीची जाळी बसलीय आणि उंदीर परत आलाय. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी हात साबणानं धुऊन सोप्याच्या दारात उभा राहिलो. आण्णांना घाटातलं कळलं होतं. ते माझ्याकडं बघतच नव्हते.

पोहे झाले, चहा झाला. आक्कांनी कप खाली ठेवला.

‘हा ड्रायव्हर तुमच्याकडं कधीपास्नं हाय?’

‘लई वर्सं झाली,’ आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला.

‘आणि पोरीला गाडी कुणी शिकवली?’

रेवतीनं वर बघितलं आणि म्हणाली, ‘गणूमामांनीच.’

आक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग तिला. मग पुन्हा मला. वकीलसाहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं, आक्कांनी काठी थोडी उचलली, त्यांनी मिटलं.

‘शिकवणाऱ्याकडं बघितलं तर मी न्हाय म्हणावं,’ आक्का म्हणाल्या. ‘शिकलेलीकडं बघून व्हय म्हणते. नारळ आणा.’

सगळी हलली. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. दारातला माणूस मीच, नारळ माझ्या हाताशी, म्हणून मी लगेच वळलो.

‘तू न्हवं,’ आक्का म्हणाल्या.

नारळ आण्णांनी आणला.